थर सव्वा महिन्यात लागतात, कंबर नाही! गोविंदांच्या सरावातून समजून घ्या कोअर स्ट्रेंथचं गणित

गोपाळकाल्याच्या दिवशी मुंबईतली मोठी गोविंदा पथकं ज्या भागांत हमखास फेरी मारतात, त्यात ठाण्याबरोबर घाटकोपरचं नाव असतंच. घाटकोपर पश्चिमेला आमदार राम कदम यांची हंडी लागते, आसपासच्या गल्ल्यांमध्ये लहानमोठ्या मंडळांच्या हंड्या असतात. ट्रक भरून पथकं येतात, सलामी देतात, पुढच्या हंडीकडे निघतात.

थर लागत असताना सगळ्यांचे मोबाईल वर, एक्क्याकडे वळलेले असतात. हंडीपर्यंत पोहोचणारा तोच असतो. पण थर टिकतो की कोसळतो, हे बऱ्याचदा त्याच्या खाली उभ्या असलेल्यांच्या कंबरेवर ठरतं. तिथे जी ताकद लागते, तिलाच आज जिममध्ये आणि रील्समध्ये 'कोअर स्ट्रेंथ' म्हणतात.

ही ताकद नेमकी काय असते? ती किती दिवसांत तयार होते? आणि सगळ्यात अवघड प्रश्न, तोच तोच व्यायाम करून कंटाळा आला की काय करायचं? दहीहंडीच्या सरावाचं वेळापत्रक पाहिलं, तर तिन्ही प्रश्नांची उत्तरं सापडतात.

सव्वा महिन्याचं कोडं

बरीच पथकं गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सरावाला सुरुवात करतात. गुरुपौर्णिमा म्हणजे आषाढ पौर्णिमा आणि गोपाळकाला श्रावण वद्य नवमीला. म्हणजे मधे मिळतात ३७-३८ दिवस. २०२५ मध्ये गुरुपौर्णिमा १० जुलैला होती आणि दहीहंडी १६ ऑगस्टला. अधिक श्रावण आला, तरच हा काळ वाढतो. २०२३ मध्ये तसं झालं होतं.

आता या सव्वा महिन्यात शरीरात काय घडतं ते बघू.

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढलेली जाणवते, ती मुख्यतः मेंदू आणि नसांची करामत असते. कोणता स्नायू कधी आणि किती आवळायचा, हे शरीर शिकतं. स्नायू डोळ्यांना दिसेल इतका भरायला साधारण सहा ते आठ आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणारे स्नायुबंध तर आणखी सावकाश बळकट होतात, त्यांचा हिशोब महिन्यांमध्ये असतो.

म्हणजेच सव्वा महिना हा थर रचायला, एकमेकांचा अंदाज घ्यायला आणि चढण्या-उतरण्याचं तंत्र बसवायला पुरतो. पण वर्षभर खुर्चीत बसलेली कंबर तेवढ्या दिवसांत घडत नाही. मुरलेल्या गोविंदांपैकी अनेक जण वर्षभर काही ना काही करत असतात, कुणी जिम, कुणी कबड्डी, कुणी मल्लखांब. धोका जास्त असतो तो थेट जुलैमध्ये उगवणाऱ्या आणि ऑगस्टमध्ये खालच्या थराला उभ्या राहणाऱ्या पोरांना.

आणि हा धोका किरकोळ नाही. दरवर्षी दहीहंडीला मुंबईतल्या रुग्णालयांमध्ये जखमी गोविंदा दाखल होतात, काहींचे जीवही गेले आहेत. म्हणूनच २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात १४ वर्षांखालच्या मुलांना थरांत न घेण्याची बाब मान्य झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदाच्या मृत्यूच्या प्रसंगी कुटुंबाला १० लाख रुपयांच्या मदतीची तरतूद सांगितली. हेल्मेट, गाद्या, सर्वात वरच्या गोविंदाला दोर हे सगळं हवंच. पण हे सगळं पडल्यानंतर कामाला येतं. पडू नये म्हणून काम करते ती कंबर.

कोअर म्हणजे सिक्स पॅक नव्हे

कोअर म्हटलं की डोळ्यांसमोर पोटावरच्या सहा वड्या येतात. त्या वड्यांचा स्नायू हा कोअरचा एक भाग आहे, पूर्ण कोअर नव्हे.

कोअर समजून घ्यायचा तर एक डबा डोळ्यांसमोर आणा. डब्याचं झाकण म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोटाच्या मधला श्वास घ्यायला लावणारा स्नायू. डब्याचा तळ म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू. समोरची आणि बाजूंची भिंत म्हणजे पोटाचे स्नायू. त्यातला सगळ्यात आतला थर कंबरेभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला असतो. मागची भिंत म्हणजे मणक्यांना चिकटून असलेले पाठीचे छोटे-मोठे स्नायू. यांना साथ देतात नितंबांचे स्नायू.

हे सगळे एकत्र आवळले की पोटातला दाब वाढतो आणि मधला मणका ताठ राहतो. हवा भरलेली सायकलची ट्यूब जशी दबत नाही, तसंच काहीसं.

मजेची गोष्ट म्हणजे हा डबा हालचालीच्या आधीच आवळला जातो. १९९६ मध्ये पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा पोटाचा सगळ्यात आतला स्नायू हाताच्या स्नायूच्याही आधी कामाला लागतो. ज्यांना कंबरदुखी होती, त्यांच्यात हा स्नायू उशिरा जागा होत होता. पुढच्या काळात यावर बरीच चर्चा झाली, फक्त एकाच स्नायूवर भर देण्याची कल्पना मागे पडली. पण मूळ मुद्दा टिकला: कोअरला जोर हवा, तशी वेळेवर जागं होण्याची सवयही हवी.

थरात उभं राहिल्यावर कंबर काय करते?

समजा, ५० किलो वजनाचा एक गोविंदा दुसऱ्याच्या खांद्यावर सरळ उभा आहे. वजन खांद्यातून, कण्यातून, पायांतून सरळ जमिनीत जातं. हे वजन पेलणं कष्टाचं असलं तरी जमतं. आता तोच गोविंदा फक्त १० सेंटीमीटर पुढे झुकला. खालच्याच्या कंबरेवर जो पीळ येतो, तो एक मीटर लांब काठीच्या टोकाला ५ किलोची पिशवी अडकवून काठी आडवी धरल्याइतका असतो. वर आणखी माणसं असतील, तर तो वाढतच जातो.

अशा वेळी खालच्या माणसाची कंबर ना पुढे वाकते, ना मागे जाते, ना बाजूला झुकते, ना वळते. निदान तसं होऊ नये यासाठी ती झटत असते. कोअरचं खरं काम हेच आहे: हालचाल करणं कमी, नको ती हालचाल रोखणं जास्त.

हे काम करणाऱ्यांची मजल कुठवर जाते, याची दोन उदाहरणं. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून १३.३४ मीटर, म्हणजे जवळपास ४४ फूट उंची गाठली आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. २०२५ मध्ये जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने ठाण्यात दहा थर लावले.

स्पेनमधल्या कॅटलोनियातही असेच मानवी मनोरे रचले जातात, त्यांना 'कास्तेल' म्हणतात. २०१० मध्ये युनेस्कोने त्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथला प्रत्येक जण कंबरेला लांबलचक कापडी पट्टा घट्ट गुंडाळतो. वर चढणारा त्या पट्ट्यात पाय रोवतो आणि ज्याने तो बांधलाय त्याच्या कंबरेला आधार मिळतो. आपल्याकडचे पैलवान लंगोट कसतात आणि माथाडी कामगार ओझं उचलण्याआधी कंबर बांधतात, त्यामागचा अनुभवही याच जातीचा. 'कंबर कसणे' हा वाक्प्रचार उगाच नाही आला!

थर लावायचे नसतील तरी कंबर लागतेच

गर्दीच्या वेळी घाटकोपर स्टेशनवर मध्य रेल्वेतून उतरून मेट्रोकडे निघालेल्या माणसाला बघा. पाठीवर लॅपटॉपची बॅग, एका हातात डबा, मागून रेटा, समोर जिना. लोकलने ब्रेक मारला की शरीर पुढे जातं, ते सावरणारा पहिला गडी कोअरच. असल्फ्याच्या टेकडीवर पाण्याचा हंडा घेऊन पायऱ्या चढणारी बाई तर रोज एका बाजूचं वजन पेलत असते.

पण एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. 'रोज लोकलमध्ये उभा राहतो, म्हणजे माझा व्यायाम झाला' हे खरं नाही. रोजच्या धावपळीत शरीर असेल त्या ताकदीवर वेळ मारून नेतं. ताकद वाढवायला सरावापेक्षा थोडा जास्त भार, ठरवून आणि वारंवार द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीही हेच सांगतात: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. चालणाऱ्यांपैकी बरेच जण हा दुसरा भाग विसरतात.

सतरंजीपुरत्या जागेत होणारे सहा व्यायाम

यातल्या शेवटच्या व्यायामाला पिशवी आणि चार पावलांची जागा लागते. बाकीच्यांना सतरंजी पुरे.

१. डेड बग: पाठीवर झोपायचं, हात छताकडे, गुडघे काटकोनात वर. आता उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय समोर सावकाश खाली न्यायचा, परत आणायचा. मग दुसरी बाजू. कंबर जमिनीवरून उचलली जाता कामा नये. प्रत्येक बाजूला ६ ते ८ वेळा.

२. बर्ड-डॉग: हात आणि गुडघे टेकून उभं राहायचं. एक हात पुढे, विरुद्ध पाय मागे. ८ ते १० सेकंद थांबायचं. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय आणि तो सांडू द्यायचा नाही, अशी कल्पना करायची.

३. साइड प्लँक: कुशीवर झोपून कोपर खांद्याच्या बरोबर खाली, मग कंबर वर उचलायची. सुरुवातीला गुडघे वाकवून, गुडघ्यांवर भार देऊन. १० सेकंद, तीन वेळा.

४. प्लँक: कोपरं आणि पायांची बोटं टेकून शरीर फळीसारखं सरळ. इथे मिनिटांच्या शर्यतीत पडायची गरज नाही. कंबर खचली की प्लँक संपला, मग घड्याळ काहीही सांगो. नीट धरलेले १५-२० सेकंदांचे तीन-चार डाव पुरेसे आहेत.

५. सेतुबंधासन: पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, नितंब वर उचलायचे. जोर कंबरेतून नको, नितंबांतून हवा. १० ते १२ वेळा.

६. एका हातात वजन घेऊन चालणं: पिशवीत पाच किलो तांदूळ घालून ती एका हातात धरायची आणि खांदे समतल ठेवून चालायचं. चाळीची गॅलरी किंवा सोसायटीची गच्ची यासाठी उत्तम. ३० पावलं एका हाताने, ३० दुसऱ्या हाताने.

यातले बर्ड-डॉग आणि साइड प्लँक हे कॅनडातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या प्रसिद्ध तीन व्यायामांपैकी दोन आहेत. एकदाच दीर्घकाळ ताणण्यापेक्षा सुमारे १० सेकंदांचे छोटे डाव पुन्हा पुन्हा करावेत, ही पद्धतही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

सगळं मिळून १५ मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. श्वास रोखून धरायचा नाही, हे मात्र प्रत्येक व्यायामात लक्षात ठेवायचं.

मग कंटाळ्याचं काय?

खरी गाडी इथे अडते. पहिले तीन आठवडे उत्साह असतो, मग तोच प्लँक, तीच सतरंजी. त्यावर सोशल मीडियाचा उपाय ठरलेला: रोज नवा व्यायाम करा, स्नायूंना गोंधळात टाका!

हा सल्ला अर्धाच खरा आहे. बदलाने मन ताजं राहतं, पण दर दिवशी सगळंच बदललं, तर शरीर कुठलंच कौशल्य पक्कं करत नाही आणि आपण पुढे जातोय की नाही हेही कळत नाही. गोविंदा पथक असं कधीच करत नाही. ते आधी चार थर लावतं, ते बसले की पाच, मग सहा. खालचा थर तोच, वर एकच भर.

व्यायामातही तेच करायचं. मूळ व्यायाम चार ते सहा आठवडे तेच ठेवायचे आणि दर आठवड्याला एकच गोष्ट बदलायची. बदलण्यासारख्या गोष्टी खूप आहेत:

- वेळ: १० सेकंदांचे १५ सेकंद.
- आधार: प्लँकमध्ये एक पाय इंचभर उचलणं.
- लांबी: साइड प्लँकमध्ये गुडघ्यांऐवजी पावलांवर भार.
- वेग: डेड बगमध्ये पाय खाली न्यायला दोनऐवजी पाच सेकंद.
- वजन: पिशवीत पाचऐवजी सात किलो.
- जागा आणि सोबत: घराऐवजी गच्ची किंवा मैदान, एकट्याऐवजी मित्र.

शेवटचा बदल सगळ्यात परिणामकारक ठरू शकतो. रात्री दहा वाजता, भर पावसात, दिवसभर काम करून आलेली पोरं सरावाला का येतात? आपण गेलो नाही तर थरात एक जागा रिकामी राहील, हे त्यांना माहीत असतं. दोन-तीन जणांचा गट करून व्यायामाला हीच जबाबदारी लावता येते.

आणि नवं काही करायचंच असेल, तर परदेशी ॲपकडे जाण्याआधी आपल्याच मातीत डोकावता येईल. सूर्यनमस्कारात शरीर फळीसारखं धरायची स्थिती आहेच. गेल्या शतकात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा झपाटून प्रसार केला होता. जोर आणि बैठका तालमीत अजून चालतात. आणि मल्लखांब! दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभट दादा देवधरांनी तो नव्याने उभा केला असं मानलं जातं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा दादरच्या शिवाजी पार्कवर झाली. लाकडी खांबाला किंवा दोरीला लटकून शरीर आडवं धरणं, यापेक्षा कोअरचा कस पाहणारा व्यायाम शोधणं कठीण आहे. अर्थात, तो प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करायचा.

सणांच्या कॅलेंडरवर वर्षाचा व्यायाम

वर्षभर एकच वेग ठेवणं कुणालाच जमत नाही. त्यापेक्षा वर्षाचे तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्याला स्वतःचं काम मिळतं आणि नवेपणाही येतो. गोविंदांसाठी आणि इतरांसाठीही ही मांडणी चालेल:

दिवाळी ते संक्रांत, पाया: वरचे सहा व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस. हवा चांगली असते, सोबत चालणं किंवा धावणं.

संक्रांत ते पाडवा, भार: पिशवीचं वजन वाढवणं, बैठका, जोर. ताकद खरी इथे भरते.

पाडवा ते गुरुपौर्णिमा, कौशल्य: मल्लखांब, पोहणं, कबड्डी, जे आवडेल ते. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. कोअरचे व्यायाम दोन दिवस.

गुरुपौर्णिमा ते गोपाळकाला, वापर: गोविंदांसाठी थरांचा सराव. बाकीच्यांसाठी पावसात घरातल्या घरात छोटे डाव. या काळात नवा जड व्यायाम सुरू करायचा नाही.

गोपाळकाला ते दिवाळी, टिकवणं: आधी आठवडाभर विश्रांती. मग गणपती, नवरात्र, मोदक, गरबा. आठवड्यातून एक-दोन वेळा १५ मिनिटं काढली तरी पुरे, कारण कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्याइतकं श्रम लागत नाहीत. भार मात्र पूर्वीइतकाच ठेवायचा.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं?

कंबरेतून पायात उतरणारी कळ, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, हर्निया, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण किंवा नुकतंच बाळंतपण, यातलं काहीही असेल तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरुवात करायची. व्यायाम करताना स्नायू थरथरणं, दुसऱ्या दिवशी अंग दुखणं हे चालतं. कंबरेत एकदम सुईसारखी टोचणारी कळ आली, तर तिथेच थांबायचं. लघवीवरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद गेली, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठायचं.

पुढच्या गोपाळकाल्याला कुठल्याही पथकात उभं राहायचा विचार असेल, तर गुरुपौर्णिमेची वाट बघू नका. पथकाला पाचव्या थराची तयारी दाखवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: साइड प्लँक दोन्ही बाजूंनी नीट, न डगमगता ३० सेकंद धरता येतो का? येत नसेल, तर सतरंजी आजच पसरायला हवी. आणि थर लावायचाच नसेल, तरी सकाळच्या लोकलमध्ये उभं राहायचंय, तांदळाची पिशवी उचलायची आहे, साठीनंतरही जिना चढायचा आहे. त्यासाठीही हीच कंबर लागणार आहे.